दोनच महिने

दाताच्या डॉक्टरांनी आरसा तिच्या तोंडातून बाहेर काढला आणि म्हणाले, "हा दात वाचतो. कीड वरवरची आहे. भरून टाकू, आणखी वीस वर्षं सुखानं चावाल."

"नको," ती म्हणाली. "काढा."

"अहो, चांगला दात आहे."

"असू दे. आणि मला एक चिठ्ठी लिहून द्या. दोन महिने मोठ्या तोंडाचं वाद्य फुंकायचं नाही, अशी."

डॉक्टरांनी आजवर रडणारी माणसं पाहिली होती, खुर्चीतून उठून पळणारी पाहिली होती. दात उपटायचा म्हणून गालातल्या गालात हसणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं. पण दात तिचा, तोंड तिचं. त्यांनी पक्कड उचलली.

भावोजींवर तिचा एकोणीस वर्षं दात होता. त्या दुपारी तो कापसात गुंडाळून तिच्या पर्समध्ये पडला.

ती जलखात्यात मीटर दुरुस्त करायची. लांब टेबलावर मीटरांची रांग, एकेकाचं झाकण उघडायचं, आतली चक्रं ब्रशनं घासायची, पाणी सोडून काटा फिरतो का ते बघायचं. मन लावून करण्यासारखं काम. हात चालायचे आणि ओठांवर एक गाणं असायचं, कुणाकडून ऐकलेलं नाही, तिचं तिनंच रचलेलं:

पितळेची माझी सई, तोंड इवलं नि गोल,
ओठावर ठेवी खूण, मग बोले गोड बोल.

ही सई म्हणजे कॉर्नेट, ट्रम्पेटची आखूड बहीण. जलखात्याचा स्वतःचा बँड होता, बावीस जणांचा. दिवसभर नळांत पाणी सोडायचं आणि संध्याकाळी नळ्यांत हवा, एवढाच काय तो फरक, असं मोठा ढोल वाजवणारे एक गृहस्थ, पंपवाले, म्हणायचे. सराव जुन्या पंपघरात. पंप केव्हाच बंद पडलेले, पण भिंतींना ग्रीसचा वास अजून होता, आणि लोखंडी जिन्याखाली उभं राहून एक सूर लावला की तो वर जाऊन, छताला हात लावून, सावकाश खाली यायचा.

बाविसाव्या वर्षी ती त्या जिन्याखाली उभी राहिली आणि तिनं असा सूर लावला की बँड चालवणाऱ्या थोरल्या मास्तरांनी ताल द्यायची काठी खाली ठेवली. त्या दिवसापासून ती पहिल्या कॉर्नेटवर. दुसऱ्या कॉर्नेटवर तिच्या शेजारी बसायचे ते तिच्या ताईचे यजमान, म्हणजे भावोजी. मास्तरांनी पुढे तिच्यासाठी एक तुकडा लिहिला. नाव ठेवलं 'पहिलं पाणी'. कोरड्या नळात पाणी येतं तेव्हा काय होतं, तेच त्यात होतं. आधी नुसती हवा सुसकारते, मग थेंब, मग थेंबांची घाई, आणि शेवटी एक उंच सूर, अकरा मोजेपर्यंत धरायचा, कुठंही न थरथरता. धारेसारखा.

तो लोकांपुढे वाजवण्याआधीच थोरले मास्तर गेले. काठी भावोजींच्या हातात आली, आणि तिसऱ्याच आठवड्यात ते तिच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"हॉर्नवाला बदली होऊन गेलाय," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय कुणाला जमणार? दोनच महिने."

"पण भावोजी, माझा ओठ..."

"ओठ तो ओठ. खरा वाजवणारा असेल तर त्याच्या हातात काहीही द्या. हे बघ, एक मात्र कर. या दोन महिन्यांत कॉर्नेटला हात लावू नकोस. दोन्हीकडे तोंड घातलंस तर दोन्ही जातील. तुझा माउथपीस माझ्याकडे दे, कपाटात ठेवतो. मोह नको."

तिनं माउथपीस काढून दिला. अजून कोमट होता.

दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. मग ट्रॉम्बोनवाल्याला मुलगी झाली, तो रजेवर गेला. दोनच महिने. ते पाच वर्षं चालले. मग आणखी कुठं भोक पडलं, मग आणखी कुठं, आणि शेवटची सात वर्षं ती ट्युबावर होती. ट्युबाला बँडमध्ये रांजण म्हणत. मांडीवर घेऊन बसलं की मागून माणूस दिसायचा नाही, नुसता रांजण दिसायचा. भावोजी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "हे आमचं ठिगळ. हिच्यामुळं बँडला कुठं भोक दिसत नाही." तेच नाव पडलं. ठिगळ.

मधे एकदा, पाचव्या वर्षी, तिनं दुसऱ्या कुणाचा तरी माउथपीस मागून कॉर्नेट तोंडाला लावला होता. किटलीसारखा आवाज आला. पुन्हा फुंकलं. पुन्हा किटली. भावोजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या ओठाला मुदत असते." आणि 'पहिलं पाणी' दरवर्षी ते स्वतः वाजवायचे.

आता खात्याला शंभर वर्षं होत होती. आठ आठवड्यांनी मोठा कार्यक्रम, आणि त्याच दिवशी भावोजी निवृत्त. शेवटचं 'पहिलं पाणी' वाजवायचं, टाळ्या घ्यायच्या, काठी खाली ठेवायची, असा त्यांचा बेत. दात काढून आली त्या संध्याकाळी ती सुजलेल्या गालानं पंपघरात गेली आणि सगळे बसल्यावर तिनं चिठ्ठी पुढे केली.

भावोजींनी चष्मा वर सारून ती वाचली. "दोन महिने? म्हणजे कार्यक्रम होईपर्यंत रांजणावर कुणी नाही?"

"आहे की," ती म्हणाली. गालात कापूस, त्यामुळं शब्द जाड येत होते. "तुम्ही आहात."

"मी?"

"ओठ तो ओठ, भावोजी. तुम्हीच सांगता. काठी मी हलवते, हातांना काही झालेलं नाही."

पंपवाले खो खो हसले. "बरोबर बोलली ठिगळबाई. मास्तर, एकोणीस वर्षं आम्हाला तेच ऐकवलंत. आता बसा रांजण घेऊन, आम्हालाही बघू दे."

एकवीस माणसं भावोजींकडे बघत होती. नाही म्हणायचं तर कारण द्यायला लागणार. कारण द्यायचं तर ते एकच होतं, आणि ते त्यांनी कधी कुणाला दिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा खाली ओढला. "बसतो की," ते म्हणाले. "त्यात काय."

"दोनच महिने," ती म्हणाली.

त्यानंतर ती वाट बघत बसली. रांजणाचं तोंड पेल्याएवढं, त्यात ओठ सैल सोडावे लागतात, फडफडवावे लागतात. कॉर्नेटचं तोंड बोराएवढं, तिथं ओठ आवळावे लागतात. सैल सोडायची सवय लागली की आवळणं विसरतं, हे ती एकोणीस वर्षं स्वतःच्या तोंडावर शिकली होती. आता दोन आठवड्यांत भावोजींचाही सूर किटली होईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. मीटर घासताना ती ते दिवस मोजायची. त्या किटलीचा आवाज तिला आत्ताच कानात ऐकू यायचा, आणि तो गोड लागायचा.

पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. भावोजी सरावाच्या सुरुवातीलाच म्हणायचे, "आधी माझा सोलो उरकून घेऊ, मग बाकीचं." उभे राहायचे, कॉर्नेट लावायचे, आणि अकरा मोजेपर्यंत धार जशीच्या तशी. मग रांजण घेऊन निमूट बसायचे.

चौथा आठवडा आला तरी धार तशीच. मीटर समोर उघडं पडलेलं, ब्रश हातात, आणि ती बघतच राहिली. भावोजींचा ओठ बिघडणार नसेल, तर मग आपला कशानं बिघडला? एकोणीस वर्षं ज्याच्यावर दात ठेवला त्यानं काहीच केलं नव्हतं? ओठ तो ओठच होता, आणि आपलाच कच्चा होता? काढलेल्या दाताची जागा जिभेला सारखी लागत होती. मीटर उलटं फिरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. गेलेली वर्षं फिरून येणार नव्हतीच. पण ती कुणी नेली, तेही आता कळेनासं झालं.

त्या रविवारी ती ताईकडे गेली. भावोजी घरी नव्हते. ताई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती आणि मोरीपाशी भाची बसली होती. हिला लहानपणापासून सगळे पिपाणी म्हणायचे, कारण बोलायच्या आधी ती फुंकायला शिकली होती. आता चोवीस वर्षांची, दुसऱ्या कॉर्नेटवर. टबात कोमट पाणी घेऊन कॉर्नेटला आंघोळ घालत होती, नळ्यांतून लांब ब्रश फिरवत होती.

"ये मावशी. गाल उतरला की."

"उतरला. बाबांचं कसं चाललंय? रांजण मानवला ना त्यांना?"

"त्यांचं काय, सगळं घड्याळावर. उठले की आधी कॉर्नेट, वीस मिनिटं. तोंडासमोर उशी धरून, आई ओरडते म्हणून. मग अर्धा तास ओठाला आराम. मग रांजण. लहान आधी, मोठं नंतर. उलटं केलं की ओठ सुजतो आणि तार सूर लागत नाही. आणि लहान एक दिवससुद्धा सोडायचं नाही." पिपाणीनं ब्रश झटकला. "तुला काय सांगायचं, तू तर यात मुरलेली."

ती टबातल्या पाण्याकडे बघत राहिली. पाणी किंचित हिरवट झालं होतं.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"बाबांनीच. मी शाळेच्या बँडमध्ये होते, आणि बाईंनी मला मोठं वाद्य दिलं होतं, तेव्हा. त्यांना थोरल्या मास्तरांनी सांगितलेलं. वहीत आहे ना त्यांच्या, पहिल्याच पानावर. दाखवू?"

ओल्या हातानंच तिनं कपाटावरची वही काढून दिली. निळी शाई, भावोजींचं ते टोकदार अक्षर. 'लहान आधी, मोठे नंतर. लहान रोज. एकदा सोडले की ओठ परका.' खाली तारीख. ते बँडमध्ये आले त्याच आठवड्याची. ती हॉर्नवर गेली, त्याच्या दोन वर्षं आधीची.

वाटाण्यांचा आवाज थांबला होता. तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं वर पाहिलं नाही. रिकामी शेंग बोटांत धरून ती उसवत बसली होती.

"चहा ठेवू?" ताई म्हणाली.

"ताई, तुला माहीत होतं?"

"मला तुमच्या पिपाण्यांतलं काय कळतं गं," ताई म्हणाली. मग शेंग टाकून, "मी त्यांना एकदा म्हणाले होते, तिला सांगा म्हणून. ते म्हणाले, सांगतो."

चहा न घेता ती उठली. रस्त्यानं चालताना तिला नवल वाटलं की राग येत नाहीये. जो होता तो एकोणीस वर्षं मंद आचेवर होता, नुसता वाफ सोडत. आता तो गार झाला होता. आणि गार झाल्यावर त्याला कड आली होती, घासलेल्या पितळेसारखी. हात लावला तर कापेल अशी.

सोमवारी पंपघराच्या फळ्यावर तिनं खडूनं कार्यक्रम लिहिला. सहा तुकडे. पाचवा 'भरलेली टाकी'. सहावा 'पहिलं पाणी'. 'भरलेली टाकी' हे नऊ मिनिटांचं संथ गाणं, सगळा भार रांजणावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही विसावा नाही. आणि त्याला लागूनच कॉर्नेटचा सोलो.

वाद्यांच्या खोलीत भावोजी तिच्या मागोमाग आले. दार लोटून घेतलं. दोन्ही बाजूंना फडताळं, त्यांत फ्लॅनेलच्या पिशव्या घालून ठेवलेली वाद्यं, झोपलेल्या जनावरांसारखी.

"क्रम बदल," ते म्हणाले. "माझा सोलो आधी घे."

"शेवटी शोभतो. निवृत्ती आहे तुमची."

"मग टाकी दुसरी घे. मधे अर्धा तास तरी जाऊ दे."

"का?"

त्यांनी फडताळातली एक पिशवी सरळ केली.

"का, भावोजी? ओठ तो ओठ ना? खरा वाजवणारा असेल तर त्याच्या हातात काहीही द्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वहीबद्दल पिपाणी बोलली मला."

"बोलली ना. मग सोपं झालं. बाहेर वीस माणसं बसलीत. त्यांच्यासमोर एक वाक्य बोला. कॉर्नेटवाल्याला असं उचलून मोठ्या वाद्यावर बसवलं तर ओठ जातो, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. एवढंच. मी फळा पुसते आणि तुमचा सोलो सगळ्यात आधी घेते."

"तेव्हा बँडला गरज होती."

"बँडला होती की तुम्हाला? शेजारी बसून ऐकायचात ना रोज."

भावोजी एका पिशवीची दोरी बांधत होते, आधीच बांधलेली. "म्हातारं करून सोडतेस मला," ते म्हणाले.

"दोन महिन्यांत कोण म्हातारं होतं?" ती म्हणाली आणि दार उघडून बाहेर आली.

बाहेर ते काही बोलले नाहीत. उरलेल्या सरावांत ते टाकी हलक्या श्वासानं उरकायचे, ओठ राखून. ती काठी थांबवायची. "रांजण ऐकू येत नाही, भावोजी. पुन्हा." सगळे पुन्हा पहिल्यापासून. पंपवाल्यांनीसुद्धा हसणं सोडलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन होतं. पाणी गाळायच्या टाक्यांजवळच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडलेल्या, पुढच्या रांगेत साहेब, मागे सगळं खातं, बायकामुलं. पाचवा तुकडा आला तेव्हा तिनं काठी उचलली आणि सावकाश, हवी होती त्याहून एक कणभर सावकाशच, खाली आणली. नऊ मिनिटांचे दहा झाले. रांजणामागून भावोजींचं कपाळ तेवढं दिसत होतं, आणि त्यावरचा घाम.

मग त्यांनी रांजण खाली ठेवला आणि कॉर्नेट घेऊन पुढे आले. नाकाखालून हनुवटीपर्यंत लालभडक गोल उमटला होता. ती खूण तिच्या चेहऱ्यावर सात वर्षं होती, पण समोरून तिनं ती पहिल्यांदाच पाहिली.

हवेचा सुसकारा बरा लागला. हवेला ओठ लागत नाहीत. थेंब लागले. थेंबांच्या घाईत दोन थेंब गळाले, पण ते तिलाच कळलं. मग धार. ती काठीनं मोजत होती. एक. दोन. तीन. चारला सूर थरथरला. पाचला फुटला, जुन्या नळासारखा, आणि पुंगळीतून निव्वळ किटली बाहेर आली.

ती किटली. इतकी वर्षं तिनं कानात जपलेली. आता भर उन्हात, सगळ्या खात्यासमोर, भावोजींच्या तोंडून.

आणि सहाला दुसऱ्या कॉर्नेटनं तो सूर उचलला. पिपाणी जागची उठली नव्हती, मान खाली, डोळे मिटलेले. सात. आठ. सूत धरावं तसा सरळ सूर. नऊ. दहा. तिची काठी हवेत मोजत राहिली, थांबवायचं तिला सुचलंच नाही. अकरा.

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतले साहेब उठून आले, भावोजींचा हात हातात घेतला. "वा मास्तर. बापानं सुरू करायचं, लेकीनं पुरं करायचं. काय कल्पना आहे."

तिनं श्वास धरला. भावोजींनी रुमालानं ओठ टिपला. तांबडा गोल पुसला गेला नाही.

"हो," ते म्हणाले. "म्हटलं, जाता जाता काही नवीन करावं."

त्या रात्री तिला झोप लागली ती भुकेल्या माणसाची. ताट समोर आलं होतं आणि कुणीतरी ते उचलून नेलं होतं.

सोमवारी निरोपाची शेवटची बैठक. बँडनं नवी मास्तर म्हणून तिला निवडलं होतं. दुसरं कुणी नव्हतंच, बँडमधली सगळी वाद्यं तोंडानं ओळखणारी तीच एक. भावोजींनी कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा आणला होता. ताईनं पाठवलेली बिस्किटं डब्यात होती. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर नव्या जागा लिहायला लागली. पहिला कॉर्नेट, दुसरा कॉर्नेट, हॉर्न, ट्रॉम्बोन. शेवटी रांजण. त्यापुढं तिनं लिहिलं, पिपाणी.

खडू ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मी आता काठी घेतली, म्हणजे रांजण रिकामा," ती पिपाणीकडे बघत म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाला जमणार? दोनच महिने. आणि हे बघ, तोवर कॉर्नेटला हात लावू नकोस. माउथपीस माझ्याकडे दे. कपाटात ठेवते."

पिपाणी गोंधळून हसली. मावशी थट्टा करते आहे असं तिला वाटलं. मग वाटेनासं झालं. हात पुढे झालेला होता, तळवा वर, आणि तो मागे जात नव्हता. पिपाणीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. हळूच कॉर्नेटचा माउथपीस फिरवून काढला.

"तिला नको," भावोजी म्हणाले.

"का?"

"तिला नको म्हणतो ना."

"मला कारण लागतं, भावोजी. मला तुम्ही दिलं नव्हतंत, पण मला लागतं."

माउथपीस पिपाणीच्या बोटांत होता. तळव्यापासून वीतभर अंतरावर.

"तिचा ओठ जाईल," भावोजी म्हणाले.

"जरा मोठ्यानं. पंपवाल्यांना ढोलामागे ऐकू येत नाही."

"कॉर्नेट बंद करून नुसता रांजण दिला तर ओठ जातो." आवाज जिन्याखालून वर गेला, छताला लागला आणि खाली आला. "लहान आधी घ्यायचं असतं, रोज घ्यायचं असतं. तसं केलं तर दोन्ही वाजवता येतात. हिला मी ते सांगितलं नाही. उलटं सांगितलं."

"माहीत होतं?"

"होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. ही माझ्याहून चांगली वाजवायची." त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "झालं?"

पंपवाले ढोलाच्या कातड्यावरून अंगठा फिरवत होते, जणू तिथं काही सांडलं होतं. मग ते हलकेच म्हणाले, "एकोणीस वर्षं आम्ही हिला ठिगळ म्हणतोय, मास्तर."

तिनं हात खाली घेतला. फळ्यावरचं 'पिपाणी' बोटानं पुसलं आणि ते नाव पहिल्या कॉर्नेटपुढं लिहिलं. मग किल्ली घेऊन तळाचं कपाट उघडलं. सगळ्यात मागे, जुन्या कागदांखाली, रुमालात गुंडाळलेला तिचा माउथपीस होता. काळा पडलेला, कडेला हिरवा कळंक.

"मावशी," पिपाणी म्हणाली. स्वतःचा माउथपीस तिनं मुठीत घट्ट धरला होता. "बाबा बोलले नसते, तर घेतला असतास माझ्याकडून?"

नाही म्हणायचं होतं. ओठ उघडलेही. पण त्या मुलीशी ती आजवर खोटं बोलली नव्हती, आणि खरं काय ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. पिपाणीनं जरा वेळ वाट पाहिली. मग माउथपीस खिशात टाकला, कॉर्नेट पिशवीत घातला आणि निघाली. रोज दोघी बरोबर घरी जायच्या, कोपऱ्यापर्यंत तरी. आज ती दाराशी थांबली नाही.

भावोजीही टोपी घेऊन उठले.

"तुम्ही कुठं निघालात?" ती म्हणाली.

"माझं काम संपलं."

"रांजण रिकामा आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती फळ्यापाशी उभी होती आणि तिच्या हातात खडू होता.

"दोनच महिने, भावोजी."

त्यांनी टोपी खिळ्याला अडकवली, मागच्या रांगेत गेले, खाली वाकले आणि रांजण मांडीवर घेऊन बसले. मागून माणूस दिसेना.

तिनं नळ सोडला. बारीक धारेखाली माउथपीस घासला, पदरानं पुसला, आणि नुसताच, वाद्याशिवाय, ओठाला लावला. थंड होता. फुंकर मारली. हवा सुसकारली. पुन्हा मारली. पुन्हा हवाच.

"सकाळी मार," रांजणामागून आवाज आला. "ओठ ताजा असतो तेव्हा."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आता ठाऊक आहे." आणि तिनं काठी उचलली.